मंदारच्या नावावरची गाडी

काका जुनी गाडी बघायला गेले की मालकाकडे आधी बघायचेच नाहीत. सरळ गाडीपाशी जायचे आणि बॉनेटवर तळहात ठेवायचे, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर आई ठेवते तसा. पत्रा कोमट लागला तरी हात झटकून मागे वळायचे. "गरम करून ठेवलीय. चला घरी."

मालक मागून धावायचा. "अहो काका, आत्ताच दूध आणायला गेलो होतो म्हणून..."

"मग निवू दे. परत येईन. पण सांगून येणार नाय."

थंडगार इंजिन पहिल्या चावीला कसं उठतं, त्यावर त्यांचं अर्धं मत ठरायचं. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन आपला आजार लपवतं, असं त्यांचं म्हणणं. आमच्या रत्नागिरीत, निदान आमच्या नाचणे रोडच्या बाजूला तरी, जुनी गाडी घ्यायची म्हणजे काकांना न्यायचं, हा रिवाजच पडला होता. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. कोणी नेमलेलं नसतं, पैसा घेत नाही, आणि तोंडाने इतका फटकळ असतो की त्याला नेताना आपल्यालाच धडकी भरते.

काका जहाजावर इंजिनीअर होते. उभा जन्म इंजिनरूममध्ये काढून निवृत्त झाले आणि आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर काकींसोबत राहिले. मी तिसऱ्यावर. हाफ पँट, खिशात बॅटरी आणि खांद्यावर जुनी चादर असे ते निघाले की समजायचं, कोणाची तरी गाडी आज उघडी पडणार. ती चादर गाडीखाली अंथरून ते उताणे आत शिरायचे आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकत जायचे. आमच्याकडे गाडी वरून चकचकीत असते आणि खालून खाऱ्या वाऱ्याने खाल्लेली. समुद्राच्या तोंडावर घर असलेल्या माणसाची गाडी त्यांनी कधी कोणाला घेऊ दिली नाही.

चहा मात्र ते घेणाऱ्याकडचाच प्यायचे. "विकणाऱ्याचा चहा प्यायला की जीभ जड होते," म्हणायचे.

एकदा आमच्याच शाळेतल्या एका शिक्षकांसाठी हर्णैला गेलो होतो. मीही गेले होते, कारण मला उगाच कुठेही जायला आवडतं. मालकाचा मासळीचा धंदा. गाडी फिनेलने धुतलेली, आत दोन-दोन सुगंधी डब्या टांगलेल्या. काकांनी खिडकीतून डोकं आत घातलं आणि विचारलं, "मेल्या, ह्यातून बांगडे नेलेस ना?"

"बांगडे कसले काका! सुरमई!" तो बिचारा दुखावून म्हणाला. मग आपण काय बोलून बसलो ते त्याला कळलं. काका हसत हसत चादर घडी करून निघाले. सुरमई झाली म्हणून काय, मिठाचं पाणी पत्र्यावर गळायचं ते गळलंच ना.

आणि तो कौलाचा किस्सा तर अजून आमच्या जिन्यात सांगितला जातो. एकाच गावातले दोघं. विकणाऱ्याने ग्रामदेवतेला कौल लावला, "गाडी विकू का?" उजवा कौल आला, म्हणजे होकार. घेणाऱ्याने त्याच देवाला विचारलं, "तीच गाडी घेऊ का?" डावा आला, म्हणजे नकार! आता सौदा करायचा कसा? दोघं काकांकडे. काका म्हणाले, "देव बरोबर बोलतोय. ती विकण्यासारखीच आहे आणि घेण्यासारखी नाय. मला कशाला उठवलांव?"

लाखाच्या वर चाललेली गाडी म्हटली की लोक नाक मुरडतात. काका त्या लोकांवर चिडायचे. "चाललेली गाडी वाईट नसते गो. उभी राहिलेली वाईट. चालली किती ते विचारू नको, चालवली कोणी ते विचार." मीटरच्या आकड्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ते पेडलचं रबर बघायचे, स्टिअरिंगचा चकाकणारा भाग बघायचे, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड चाचपायचे. गालिचा उचलून कोपऱ्यात वाळलेला चिखल आहे का बघायचे, म्हणजे पुरात बुडालेली गाडी कळते. तेलाचं झाकण उघडून आतली बाजू बघायची. मग हातखंब्याकडच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये, एसी लावून. चढावर गाडी खोटं बोलत नाही.

पण एक गोष्ट होती, जी बघून माझ्या अंगावर काटा यायचा. सगळं तपासून झालं की काका ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे, दार लावून घ्यायचे आणि हात मांडीवर ठेवून डोळे मिटायचे. थोड्या वेळाने बाहेर येऊन त्या गाडीच्या आधीच्या माणसाबद्दल सांगायचे. "हा उंचीने कमी होता. रागीट. हॉर्न झिजवलाय आणि दार आपटून आपटून सैल केलंय." किंवा, "ही बाईची गाडी. हळू जायची, पण मागे कोणी आलं की घाबरायची, ब्रेक खाल्लेत." मालकांची तोंडं पडायची, कारण बहुतेक वेळा खरं असायचं.

"गाडी विकली तरी माणसाच्या खोडी आत राहतात," ते म्हणायचे. "त्या कागदावर नावावर नाय होत."

मी हसायचे. जीभ माझी तिखट, ती गप्प बसेल कशी? "काका, मग जुनी गाडी घेऊ नये, भूत घेतल्यासारखं होईल," असं एकदा म्हणाले. ते हसले नाहीत. काकी स्वयंपाकघरातून काही तरी विचारत होत्या, ते उठून आत गेले.

त्यांचा एकुलता एक मुलगा, मंदार, गेला होता. जयगडला बंदरावर नोकरीला होता. लग्नाचं बघत होते. रात्री झोपला तो सकाळी उठला नाही, एवढंच. हृदय म्हणे. मी या बिल्डिंगमध्ये राहायला आले ती त्यानंतर, त्यामुळे मी त्याला फक्त हॉलमधल्या फोटोत पाहिलेलं. काकी फोटोला रोज फूल घालायच्या, काका त्या भिंतीकडे पाठ करून बसायचे. त्याच्याबद्दल कोणी बोलत नसे. घरात गाडी नव्हती. ज्या माणसाने अख्ख्या गावाला गाड्या निवडून दिल्या त्याच्याकडे गाडी का नाही, हा प्रश्न मला पडायला हवा होता, पण नाही पडला.

मग माझ्यावर वेळ आली. माझी शाळा जयगड रस्त्याला आत, आणि एसटीची सोयीची फेरी बंद झाली. पालीच्या एका मेडिकलवाल्याची जुनी डिझेल गाडी विकायची आहे असं कळलं. खूप चाललेली, पण नीट ठेवलेली. काकांना मी पालीला एक गाडी आहे एवढंच सांगितलं आणि म्हटलं, "आता माझी पाळी. चला."

"तुझ्यासाठी तर दोनदा बघीन," ते म्हणाले. आम्ही रिक्षाने गेलो. वाटेत त्यांनी मला मास्तरीणबाई म्हणून यथेच्छ छळलं. मी रिव्हर्समध्ये शाळेचं फाटक पाडणार, असा त्यांचा अंदाज होता.

मेडिकलच्या मागे गाडी उभी होती. पांढरी. काका रिक्षातून उतरले आणि तिथेच थांबले. मेडिकलवाला हसत पुढे आला, काकांना बघितलं आणि त्याचं हसू विरलं. मला वाटलं, काकांची कीर्ती याच्याही कानावर आलेली दिसते.

काकांनी बॉनेटला हात लावला नाही. चादर खांद्यावरून उतरवली नाही. गाडीला एक फेरीसुद्धा मारली नाही. "इंजिन गेलंय हिचं," म्हणाले. "घेऊ नको."

"अहो, पण चालू तरी करून बघा!"

"नको म्हटलं ना." आणि ते चालत हमरस्त्याकडे निघाले.

घरी आल्यावर मला राहवेना. एखाद्या डॉक्टरने नाडी न बघता पेशंट मेला म्हणावं, तसं झालं होतं ते. मी मेडिकलवाल्याला फोन लावला आणि विचारलं, गाडीला नक्की झालंय काय?

"गाडीला काही नाही झालं मॅडम," तो म्हणाला. "गाडी त्यांच्याच मुलाची आहे. मंदारची. तो गेला तेव्हा काकींना ती खाली उभी दिसायची, त्या जेवेनात. काकांनी मला बोलावून चावी दिली, म्हणाले, आजच ने. ओळखीतला माणूस, म्हटलं कागद नंतर करू. आता गाडी अजून मंदारच्या नावावर. मी किती खेपा घातल्या. दर वेळी म्हणतात, बघतो. कागद न करता मी ती विकणार कशी?"

माझं डोकंच फिरलं. ओळखीतला आहे, नावावर नंतर करू, ही आपल्याकडची नेहमीची चूक. आणि याच चुकीवरून काकांनी कितीतरी लोकांना माझ्यासमोर फैलावर घेतलं होतं! गाडी दिलीस तर नावही दे, नाहीतर ती कोणाला उडवेल आणि पोलीस तुझ्या दारात येतील, हे त्यांचं ठरलेलं कीर्तन. आणि स्वतः? वर माझ्याशी खोटं बोलले. मी तरातरा खाली गेले. काकी देवळात गेल्या होत्या. दार उघडंच होतं आणि काका मागच्या गॅलरीत, पाठमोरे. कोणाशी तरी फोनवर बोलत होते.

"हो, मंदारच बोलतोय," काका म्हणाले.

मी उंबऱ्यातच थांबले. आवाज त्यांचा नव्हता, म्हणजे त्यांचाच होता पण मोकळा, तरुण माणसाचा करायचा प्रयत्न केलेला. "पॉलिसी ना? हो, गाडी मस्त चाललीय. आत्ता बाहेर आहे मी. पुढच्या आठवड्यात करा फोन. हो, नक्की करा."

फोन ठेवून ते वळले आणि त्यांना मी दिसले. त्यांनी तो फोन माझ्यापुढे धरला. जुना, काचेला तडा गेलेला, मंदारचा. गॅलरीतल्या हत्यारांच्या कपाटामागे तो कायम चार्जरला लावलेला असायचा.

"विम्याची मुलगी," ते म्हणाले. "मंदार सर म्हणते. दर वर्षी करतात हे लोक." मग त्यांनी मला मेसेज दाखवले. मंदारच्या नावाने येणारे. पीयूसी संपली, वेग जास्त होता म्हणून दंड. दंडाबरोबर कॅमेऱ्याने काढलेला फोटो. हमरस्त्यावर ती पांढरी गाडी, समोरून. काचेवर उन्हाची तिरीप, आतला माणूस नुसता काळा.

"दंड मीच भरतो. फोटो पाठवतात ना. आत कोण ते दिसत नाय बघ," काका म्हणाले. "न दिसलेलं बरं. बाय, सगळ्या गावाला तो गेलेला माहीत आहे. ह्या विम्यावाल्यांना तेवढं माहीत नाय. त्यांना कशाला सांगू? गाडी नावावरून गेली की हे मेसेज बंद. मग तो कुठेच नाय."

रडू येत होतं आणि रागही गेला नव्हता. दोन्ही एकदम आलं की माझ्या तोंडून कठोरच निघतं. "आणि उद्या या गाडीखाली एखादं पोर आलं तर? पोलीस मंदारच्या नावाने येतील. काकी दार उघडतील. काय सांगाल त्यांना?"

ते खुर्चीत बसले. "जा तू आता," म्हणाले. मी गेले. जिना चढताना मला माझीच जीभ चावून टाकावीशी वाटत होती.

पुढचे काही दिवस त्यांनी मला जिन्यात टाळलं. मी गाडीचा विचार सोडून दिला होता. एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात काका, खांद्यावर चादर, खिशात बॅटरी. "चल. आधी नीट बघितली नाय मी ती."

त्या दिवशी पालीला त्यांनी ती गाडी जशी तपासली, तशी कुठलीच तपासली नसेल. बॉनेटवर हात ठेवला. गार होतं. तो हात त्यांनी लवकर काढला नाही, मेडिकलवाला आणि मी दुसरीकडे बघत राहिलो. मग ते खाली शिरले, पत्रा ठोकला, तेल बघितलं, गालिचा उचलला. चढावर मला बाजूला बसवून स्वतः चालवली. परत येऊन गाडी बंद केली आणि सीटवर डोळे मिटून बसले.

"क्लच गेलाय," डोळे न उघडता म्हणाले. "क्लचवर पाय ठेवून चालवायचा. शिकवताना शंभरदा सांगितलं, पाय काढ मेल्या, पाय काढ. ऐकेल तर शपथ." मग वाकून त्यांनी क्लचच्या पेडलवर बोट फिरवलं. रबर एका बाजूने झिजून गुळगुळीत झालं होतं. "क्लचप्लेट बदलून घे. हे रबर नको बदलू. बाकी गाडी चांगली आहे. घे तू."

आरटीओपाशी कागद करणाऱ्या एजंटने सांगितलं, मुलाचं लग्न झालं नव्हतं, तर पहिली वारस आई. आधी गाडी आईच्या नावावर, मग माझ्या. काकांचा चेहरा उतरला. काकींना त्यांनी सांगितलं होतं की गाडी घाटावर कोल्हापूरकडे गेली, सगळं मिटलं. आता त्यांना काय म्हणायचं, या चिंतेने ते आमच्या जिन्यातच बसून राहिले. शेवटी मीच कागद घेऊन गेले. काकींनी चष्मा लावला. मंदारचं नाव आलं तिथे त्यांचं बोट थोडं थांबलं. मग, "सही कुठे करायची गो?" एवढंच विचारलं, सही केली आणि चहा टाकायला उठल्या. बिचारीला यातलं काहीच ठाऊक नाही असं मला वाटलं आणि मी देवाचे आभार मानले.

गाडी माझ्या नावावर झाल्याचा मेसेज आला त्या दिवशी काका जेवले नाहीत. "संपलं," एवढंच म्हणाले.

आणि काही दिवसांनी ते धापा टाकत माझ्या दारात, पायात चपला नाहीत, हातात तो फोन. "आला! अगो, फोन आला! मंदार सर आहेत का, म्हणाली!" हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "सरकारने नाव काढलं, पण ह्यांच्या यादीतून माणूस जात नाय! गाडी कोणाचीही होऊ दे, ते आपले विचारतच राहतात!" मी त्यांना आत घेऊन पाणी दिलं. विमा विकायला येणाऱ्या फोनसाठी कोणी असं आनंदाने रडलेलं मी पाहिलेलं नाही, तुम्हीही पाहिलं नसेल.

दंडाचे फोटो मात्र आता मला यायचे होते. "कधी तरी जोरात चालव," काका म्हणायचे. "एखादा फोटो येऊ दे." एकदा निवळीच्या पुढे माझा वेग खरंच वाढला आणि आला फोटो. मी मोठ्या उत्साहाने दाखवला. काकांनी चष्मा लावून बघितला. काचेत मी स्वच्छ दिसत होते, गॉगल लावलेली, तोंड उघडं, बहुधा कोणाला तरी शिव्या देताना. "बरा आलाय," म्हणाले आणि फोन परत केला. त्यानंतर त्यांनी फोटो मागितला नाही.

लोकांच्या गाड्या बघायला ते जात राहिले. पण तपासून झाल्यावर सीटवर डोळे मिटून बसायचं त्यांनी सोडलं. कोणी विचारलं तर म्हणायचे, "आधीचा कोण होता ते कशाला हवंय तुम्हाला? गाडी चांगली आहे, घ्या."

गेल्या वर्षी गणपती गावाला गेले आणि पाठोपाठ काका. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. त्यांना नेताना खाली इतक्या गाड्या उभ्या होत्या की रस्ता अडला. सगळ्या जुन्या, सगळ्या त्यांनी बघून दिलेल्या.

काकी एकट्या राहतात. पेन्शनच्या कामाला त्यांना बँकेत न्यायचं काम मी मागून घेतलंय. एकदा अशीच मी किल्ली घेऊन खाली आले, तेव्हा त्या तयार होऊन बसल्या होत्या. निघणार तेवढ्यात घरात कुठे तरी फोन वाजायला लागला. तो फोन काकांबरोबर बंद पडला असेल असंच मी धरून चालले होते.

काकी उठल्या. कुठे आहे ते शोधावं लागलं नाही. सरळ गॅलरीत गेल्या, कपाटामागे हात घातला आणि फोन काढला. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून स्पीकर लावला.

"नमस्कार, मंदार सर आहेत का? गाडीच्या पॉलिसीसंदर्भात बोलायचं होतं."

माझ्या मुठीत त्याच गाडीची किल्ली होती. पुढे होऊन फोन त्यांच्या हातातून घ्यावा, असं मनात आलं, तोवर त्या बोलायला लागल्या.

"तो गाडी चालवतोय गो," काकी म्हणाल्या. "आत्ता नाही बोलायचा. बाजूला त्याचे बाबा बसलेत ना, ओरडतील."

मग त्यांनी फोन पुसला आणि परत चार्जरला लावला.